भावाचं युद्ध, बहिणीचं प्रेम

दुसरं महायुद्ध संपल्यावर बेलग्रेड विद्यापीठाच्या कुलगुरूपदी स्तेवान याकोव्लेविच आला आणि १९५० पर्यंत तिथे राहिला. पेशाने तो जीवशास्त्रज्ञ, पण लोक त्याला ओळखायचे ते ‘सर्बियन त्रयी’मुळे. पहिल्या महायुद्धात तो स्वतः लढला होता. १९१५च्या हिवाळ्यात अल्बानियाच्या डोंगरांतून झालेली सर्बियन फौजेची माघार आणि त्यानंतरची सलोनिकाची आघाडी हे सगळं त्याने तीन भागांत लिहिलं. १९३०च्या दशकात ते घरोघर वाचलं गेलं आणि नव्या कम्युनिस्ट राजवटीतही त्याचा मान कमी झाला नाही. त्याच शहरात त्याची थोरली बहीण राहत होती. त्याच दशकात तिच्याही कादंबऱ्यांवर वाचकांच्या उड्या पडत होत्या. पण युद्धानंतर तिच्या लेखणीला कुणी विचारेना. डिसेंबर १९५२मध्ये ती वारली तेव्हा हलाखीत होती आणि तिचं नाव जवळजवळ पुसलं गेलं होतं.

बहिणीचं नाव मिलित्सा. वाचक तिला ‘मिर-याम’ या टोपणनावाने ओळखत. जन्म १८८७चा, यागोदिना गावचा. वाढली क्रागुयेवात्समध्ये, म्हणजे सर्बियाच्या अगदी मध्यावर, शुमादिया भागात. शिकून ती शिक्षिका झाली आणि पूर्वेकडच्या क्रिवी विर नावाच्या खेड्यात शिकवू लागली. पहिल्या महायुद्धानंतर तिने बेलग्रेड गाठलं आणि वर्तमानपत्रात नोकरी धरली. आधी ‘बेओग्राद्स्के नोवोस्ती’, मग ‘नेदेल्ने इलुस्त्रात्सिये’ हे सचित्र साप्ताहिक. तिच्या कादंबऱ्या अशा नियतकालिकांतून क्रमशः यायच्या आणि मग पुस्तकरूपाने निघायच्या. ‘जखमी गरुड’, ‘तिच्या आईचं पाप’, ‘अजिंक्य हृदय’, ‘पुरुषाचं अपहरण’, ‘लग्नातला ब्रह्मचारी’ ही त्यातली काही नावं, मराठीत आणलेली. लग्न तिने स्वतः कधी केलं नाही.

आज सर्बियात तिचं नाव पुन्हा सगळ्यांना माहीत आहे, ते मुख्यतः टीव्ही मालिकांमुळे. ‘सर्बियाची जेन ऑस्टिन’ असं बिरुदही तिला चिकटलं आहे. त्यामुळे या गोष्टीचा शेवट गोड झाला असं कुणालाही वाटेल: हुकूमशाही राजवटीने गाडलेली लेखिका, लोकांनी वर काढली. मला ही मांडणी पटत नाही. माझ्या मते मिर-यामवर अन्याय दोनदा झाला, एकदा तिला टाकलं तेव्हा आणि दुसऱ्यांदा तिला डोक्यावर घेतलं तेव्हा. दोन्ही वेळा चूक एकच होती. तिची पुस्तकं ज्या बायकांनी वाचली, त्यांना त्यात काय सापडलं हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

या बायका कोण होत्या? १९१८च्या डिसेंबरात सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं एक राज्य झालं, तेच पुढे १९२९मध्ये युगोस्लाविया म्हणवू लागलं. बेलग्रेड ही छोट्या देशाची राजधानी रातोरात मोठ्या देशाची राजधानी झाली. खाती वाढली, कचेऱ्या वाढल्या, बँका, टपाल, शाळा सगळीकडे कारकून लागू लागले. युद्धात पुरुषांची एक पिढीच्या पिढी कापली गेली होती, तेव्हा शिकलेल्या मुलींनाही नोकऱ्या मिळू लागल्या. १९३१च्या शिरगणतीत दहा वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे ४५ टक्के निरक्षर निघाले; बायकांचं प्रमाण त्याहून वाईट. म्हणजे जी मुलगी आठवड्याचा अंक विकत घेऊन वाचत होती, ती बहुधा तिच्या घराण्यातली वाचणारी पहिली बाई होती. आईला अक्षर येत नाही, आजीला नावाची सहीही येत नाही, आणि हिच्या हातात स्वतःच्या पगाराचे पैसे.

कायद्याच्या लेखी मात्र ती लग्न होईपर्यंतच माणूस होती. जुन्या सर्बियाच्या भागात १८४४ची दिवाणी संहिता लागू होती आणि ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत तशीच राहिली. अज्ञान मुलांसारखं कुणाकुणाला धरायचं, याची तिच्यात यादी होती. भानावर नसलेले, कोर्टाने उधळ्या ठरवलेले, आणि त्याच रांगेत नवरा हयात असलेली विवाहित स्त्री. वारसाहक्कात मुलगे असले की मुली मागे. मतदानाचा हक्क नव्हताच. कुमारिकेला पगार मिळवता येत होता, विवाहितेला स्वतःची मालमत्ता सांभाळता येत नव्हती. अशा देशात ‘कुणाशी लग्न करू’ हा प्रश्न हळवा कसा असेल? बाईच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा आर्थिक व्यवहार होता, आणि तो एकदाच करायचा, चुकला तर परतीची वाट जवळजवळ बंद.

‘जखमी गरुड’ ही तिची १९३६ची कादंबरी या जागेवरून वाचली तर वेगळी दिसते. नायिका अंजेल्का, शिकलेली, घरंदाज. लग्नाच्या पहिल्या रात्री नवऱ्याला कळतं की आपण तिच्या आयुष्यातले पहिले पुरुष नाही, आणि तो तिला टाकतो. कादंबरी इथून सुरू होते, म्हणजे त्या काळच्या चालीप्रमाणे जिथे बाईची गोष्ट संपायला हवी तिथून. एरवी अशा नायिकेला लेखक नदीत ढकलतात, क्षयाने मारतात किंवा मठात पाठवतात. मिर-याम तिला जगवते. अंजेल्का स्वतःच्या पायावर उभी राहते, लोकांच्या नजरा झेलते, पुन्हा प्रेमात पडते. आणि प्रेमात पडल्यावर सगळ्यात अवघड प्रश्न येतो: याला सांगायचं की नाही? कुजबुज, संशय, आडून विचारलेले प्रश्न, कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं अर्धसत्य यांवर कादंबरीची कितीतरी पानं जातात. एखाद्या समीक्षकाला हे पाल्हाळ वाटेल. छोट्या गावात बदनामी कशी पसरते, ती कुणाच्या तोंडून निघते आणि कुणाच्या दारात जाऊन थांबते, याचं इतकं बारीक निरीक्षण गंभीर म्हणवणाऱ्या कादंबऱ्यांतही सहसा मिळत नाही.

आता तिची बाजू घेताना डोळे मिटून घ्यायचं कारण नाही. तिचे नायक उंच, देखणे, बरं कमावणारे, योगायोग सोयीचे, माणसं भाषणं देतात, आणि शेवटी नायिकेच्या सगळ्या हुशारीचं बक्षीस म्हणून नवराच मिळतो. ज्या कायद्याने बाईला अज्ञान मुलाच्या रांगेत बसवलं, तो कायदा बदला असं तिची एकही नायिका रस्त्यावर उतरून म्हणत नाही. १९२९मध्ये राजा अलेक्झांडरने संसद गुंडाळून सगळी सत्ता हातात घेतली, १९३४मध्ये मार्सेयला त्याचा खून झाला. पण तिच्या नायक-नायिकांच्या जगात नाचाच्या संध्याकाळी व्हायच्या त्या होतातच. इसिदोरा सेकुलिचसारखी समकालीन लेखिका भाषेच्या आणि विचाराच्या जोरावर जिथवर पोचली, तिथे मिर-याम कधी पोचली नाही, तसा तिचा आवही नव्हता. हे सगळं मान्य. पण दर्जा कमी म्हणून कुणी वाचू नये, हा निर्णय वेगळा. आणि दर्जा कमी म्हणून कुणाला वाचायलाच मिळू नये, हा निर्णय अगदीच वेगळा.

१९४५ नंतर जे झालं ते दुसरं होतं. ‘बूर्झ्वा’, म्हणजे खात्यापित्या भांडवली वर्गाची लेखिका म्हणून ती बाजूला पडली, असं सरसकट सांगितलं जातं. हे कारण खरं असलं तरी पुरत नाही. इवो आंद्रिचचं पाहा. हा माणूस राजाच्या सरकारचा बर्लिनमधला राजदूत होता. जर्मनांच्या ताब्यातल्या बेलग्रेडमध्ये त्याने काहीही छापायचं नाकारून घरात बसून लिहिलं, आणि १९४५मध्ये त्याच्या तीन कादंबऱ्या एकदम बाहेर आल्या. ‘ड्रिना नदीवरचा पूल’ त्यातलीच. १९४६मध्ये तो युगोस्लाव लेखक संघाचा अध्यक्ष होता, १९६१मध्ये नोबेल विजेता. राजाचा राजदूत चालतो आणि साप्ताहिकातली पगारी पत्रकार बूर्झ्वा ठरते, तर वर्ग हा खरा निकष कसा म्हणायचा?

कुणी म्हणेल, आंद्रिच थोर होता, मिर-याम नव्हती. राजवट कुठलीही असो, थोर लेखन तरून जातं. ठीक. मग भावाकडे या. स्तेवान याकोव्लेविच आंद्रिचच्या पंगतीत बसणारा लेखक नाही, असं त्याचे चाहतेही मानतील. त्याची त्रयी वाचली गेली ती कथनाच्या ओघामुळे, आणि ‘हे आमच्यावर गुदरलं’ या भावनेमुळे. म्हणजे लोकप्रिय पुस्तकं ज्या कारणांसाठी लोकप्रिय होतात, नेमक्या त्याच कारणांसाठी. एकाच घरातली दोन भावंडं, एकाच दशकात, एकाच वाचकवर्गासाठी लिहितात. एक खंदकातल्या शिपायाबद्दल लिहितो, दुसरी लग्नाच्या बाजारातल्या मुलीबद्दल. शिपायाची भीती राष्ट्राचा अनुभव ठरते आणि मुलीची भीती वेळ घालवायचं साधन. दोघांच्या गुणवत्तेत फरक असेलही, पण त्यांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीत जेवढं अंतर पडलं, तेवढा तो नक्कीच नव्हता. युद्ध हा विषय म्हणून आधीच उच्चासनावर होता, त्यावर कुणी कसंही लिहिलं तरी. हा जुना पक्षपात कम्युनिस्टांनी निर्माण केला नाही, त्यांना तो तयार मिळाला.

यातला विरोधाभास असा की बायकांसाठी त्या राजवटीने जे केलं ते खरोखर मोठं होतं. मतदानाचा हक्क, कायद्याने समानता, घटस्फोट सोपा; १८४४ची ती यादी कचऱ्यात गेली. स्त्रियांच्या फॅसिस्टविरोधी आघाडीने गावोगाव साक्षरतेचे वर्ग चालवले, दिवसभर शेतात राबून आलेल्या बायकांना दिव्याखाली अक्षरं शिकवली. आणि अक्षरं आल्यावर त्या वाचणार काय? छापखाने, प्रकाशनं सरकारी झालेली, कागद अपुरा, काय छापायचं ते वर ठरणार. उत्पादन वाढवणाऱ्या वीर कामगारांच्या गोष्टी मिळाल्या. पुस्तक संपवायला बंदीचा हुकूम कुठे लागतो? पुढची आवृत्ती काढली नाही की झालं. बाईला नागरिक मानणाऱ्या राज्यकर्त्यांना वाचक म्हणून तिची आवड ऐकून घ्यायची नव्हती.

पुढे तर आणखी गंमत आहे. ऑक्टोबर १९५२मध्ये ल्युब्लियानाला लेखक संघाच्या अधिवेशनात मिरोस्लाव क्रलेझा या क्रोएशियन लेखकाने समाजवादी वास्तववादावर, म्हणजे साहित्याने क्रांतीचं आणि कामगारांचं गुणगान करावं या सरकारी दंडकावर, जाहीर हल्ला चढवला आणि लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली. युगोस्लाव साहित्यातला हा मोठा टप्पा मानतात आणि तो होताही. त्यानंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांत मिर-याम गेली. दार उघडलं ते प्रयोग करणाऱ्यांसाठी, आधुनिकतावाद्यांसाठी. वास्तववाद्यांना ती प्रतिगामी वाटत होती, आधुनिकतावाद्यांना ती बाळबोध वाटत होती. तिच्याबाबतीत दोघांचं एकमत होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला युगोस्लावियात ‘शुंड’वर, म्हणजे सवंग मालावर कर बसवण्याची टूम निघाली. कुठलं पुस्तक, कुठली चित्रकथा सवंग हे समितीने ठरवायचं आणि ठरलं की कर लागायचा, किंमत वाढायची. हे सगळं चालू असताना सरकारी प्रकाशनंच टपरीवर विकल्या जाणाऱ्या पातळ गोष्टीपुस्तकांवर भरपूर पैसा कमवत होती. सवंगपणाशी त्यांचं वैर नव्हतं, फक्त त्याची सही त्यांच्या कचेरीतून व्हायला हवी होती.

मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून बाइंडिंग सुटेस्तोवर फिरल्या आणि आपल्या समीक्षेने त्यांना फार तर एका वाक्यात उरकलं. आपल्याकडे कुठली समिती नव्हती, समिती नसताना हे जमलं. इतकंच, तुलना यापुढे ताणण्यात अर्थ नाही. सर्बियातल्या बायकांचा कायदा, युद्ध आणि राजवट वेगळी होती.

आता दुसऱ्या अन्यायाकडे. २००८च्या अखेरीस सर्बियाच्या सरकारी दूरचित्रवाणीवर ‘जखमी गरुड’ मालिका सुरू झाली. दिग्दर्शक झ्द्राव्को शोत्रा, ज्याच्या ‘झोना झाम्फिरोवा’ या २००२च्या चित्रपटाने गर्दी खेचली होती. अंजेल्काच्या भूमिकेत स्लोबोदा मिचालोविच. मालिका प्रचंड गाजली, मागोमाग मिर-यामच्या इतर कादंबऱ्याही पडद्यावर आल्या, पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या दुकानांत लागल्या. त्या प्रेक्षकांना मी नावं ठेवणार नाही. नव्वदचं दशक युद्धांत आणि आर्थिक निर्बंधांत गेलेलं, १९९९चे अठ्ठ्याहत्तर दिवस नाटोच्या बाँबखाली, २००८च्या फेब्रुवारीत कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केलेलं. अशा लोकांना रात्री तासभर टोप्या, पियानो, मोटारी आणि सभ्य बोलणं बघावंसं वाटलं तर ते समजण्यासारखं आहे.

माझा राग आहे तो त्यातून जे चित्र तयार झालं त्यावर. ‘कम्युनिस्ट येण्याआधी आम्ही असे होतो’ या वाक्यासाठी मिर-यामचा वापर झाला. पडद्यावरचं बेलग्रेड स्वच्छ, उजळ, युरोपीय. ज्या देशात जवळजवळ निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं तो देश त्या दिवाणखान्यांत शिरतच नाही. ती स्वतःही गरिबीवर लिहायला बसली नव्हती, हे कबूल. पण तिच्या पानांवर जी धास्ती आहे, बाईच्या डोक्यावरचं छप्पर पुरुषाच्या मर्जीवर टिकून असल्याची, ती सुंदर कपड्यांच्या आणि सुंदर चेहऱ्यांच्या खाली दबून गेली. प्रेक्षकाला वाटतं, अहाहा, काय ते दिवस. १९३६च्या वाचकबाईला ते दिवस ‘अहाहा’ मुळीच वाटत नव्हते. ती त्यातून सुटायची वाट शोधत ते पान उलटत होती.

आणि ते जेन ऑस्टिनचं बिरुद. कौतुकाने दिलेलं आहे, पण त्यात मिर-यामची सोय कमी आणि देणाऱ्याची जास्त. तिची उपरोधाची धार ऑस्टिनइतकी नाही, त्यामुळे तुलनेत ती कायम हरणार. शिवाय ऑस्टिनला वर्तमानपत्राच्या कचेरीत रोजचा मजकूर पाडावा लागला नव्हता. मिर-याम पहिल्यापासून आठवड्याच्या घड्याळावर लिहिणारी. पुढच्या अंकापर्यंत वाचक टिकवायचा, प्रकरणाच्या शेवटी अडकवून ठेवायचा, या कामाचं तिचं म्हणून एक कौशल्य होतं. ते कौशल्य तपासायचं सोडून तिला इंग्लंडची पदवी देणं म्हणजे पुन्हा न वाचताच निकाल देणं.

सर्बियातल्या शाळांच्या पाठ्यपुस्तकात तिला घाला, असं मी म्हणणार नाही. तिथे आंद्रिच, त्स्र्न्यान्स्की, सेकुलिच अशा मोठ्या लेखकांनाच जागा पुरत नाही, आणि पाठ्यपुस्तकात गेलेली प्रेमकथा मुलं परीक्षेपुरती वाचतात. विद्यापीठात मात्र ती हवी, आणि सुटी कादंबरी म्हणून नको. ज्या साप्ताहिकांत ती आली त्या अंकांसकट हवी. तिच्या प्रकरणाच्या शेजारच्या स्तंभात कसली बातमी होती, कसल्या जाहिराती होत्या, बातमीदार म्हणून तिने स्वतः त्याच महिन्यात काय लिहिलं होतं? संपादकाने कुठे हात आखडायला लावला? अंजेल्काने नव्या माणसाला खरं सांगावं की लपवावं, यावर वाचक बायकांनी कार्यालयाकडे काही लिहून पाठवलं असेल, तर त्यांनी कौल कुणाच्या बाजूने दिला? नव्वद वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून अंक विकत घेणाऱ्या त्या बाईचं मत समितीनेही घेतलं नाही आणि मालिकेच्या निर्मात्यांनीही नाही. ते आता मिळालं तर तिथेच मिळेल.